डाव्या चाकातला प्ले

जपानातल्या त्सुकुबा सर्किटवर होम स्ट्रेटच्या, म्हणजे सुरुवातीच्या सरळ पट्ट्याच्या, शेवटी पहिल्या कॉर्नरला ब्रेक मारला आणि पेडल दोन बोटं खाली गेलं. जिथं घट्ट व्हायला पाहिजे तिथं झालं नाही, खाली कुठंतरी जाऊन झालं. सव्वाशेच्या पुढं वेग असताना दोन बोटं म्हणजे बराच वेळ असतो, पोटात गोळा यायला पुरेसा. पाय उचलून परत दाबला, तर पेडल वर, दगडासारखं. गाडी वळली. पण ज्या जागेवरून वळायला हवी तिथून नाही, एक गाडीभर बाहेरून.

हे उन्हाळ्यापासून चाललं होतं. गेल्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा झालं तेव्हा मी समजलो ब्रेक ऑइल उकळलं. हा इथल्या उन्हाळ्यातला नेहमीचा रोग आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, जुनं झालं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि सर्किटवर पाच-सहा लॅप जोरात मारले की ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरजवळ त्यात बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल स्पंजसारखं लागतं. मी ऑइल बदललं. सप्टेंबरमध्ये पुन्हा तेच. परत बदललं, या वेळी महागातलं, आणि चारही चाकांचा एअर दोनदा काढला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच. थंडी पडायला लागली होती तरी तेच.

गाडीबद्दल सांगायचं राहिलं. माझ्याकडं माझदा रोडस्टर आहे, दुसऱ्या पिढीतली, इथले लोक तिला एनबी म्हणतात. पहिली रोडस्टर १९८९ ची, उघडझाप करणाऱ्या हेडलाइटची. ही १९९८ मध्ये आली, साध्या हेडलाइटची, आणि म्हणून बरेच दिवस तिला पहिलीएवढा भाव नव्हता. माझी २००१ ची, १.८ लिटर, सहा गिअर, कागदावर १६० पीएस, म्हणजे अश्वशक्ती. वजन एक टनाच्या थोडं वर. मी ती २०१७ मध्ये सायतामाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून घेतली. त्यांनी सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या एका फाइलमध्ये तारीखवार लावून दिल्या होत्या. ती फाइल हातात घेतली तेव्हाच मी ठरवलं की हीच घ्यायची.

इंजिनाला मी हात लावलेला नाही. उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन, पुढच्या चाकांना तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकं वरच्या बाजूनं आत झुकलेली), जाड रेडिएटर, बकेट सीट, चार पायांचा रोल बार आणि चांगले टायर, एवढंच काम केलंय. रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी नळ्यांची चौकट, हौस म्हणून नाही, उघड्या गाडीला बहुतेक ठिकाणी त्याशिवाय ट्रॅकवर सोडतच नाहीत. गाडी रोजच्या रस्त्यावरची आहे, दर दोन वर्षांनी शाकेन म्हणजे सरकारी तपासणी करून घ्यावी लागते, आणि तेरा वर्षांपेक्षा जुनी म्हणून वार्षिक करही जास्त, ३९,५०० च्या जागी ४५,४०० येन. टोकियोतल्या निशी-कासाईत आमच्या बिल्डिंगखाली पार्किंगचे महिन्याला वीस हजारांच्या वर जातात ते वेगळेच. बायकोने हे सगळे आकडे एकदा वहीत लिहून माझ्यासमोर ठेवले होते. मग तीच म्हणाली, ठेव गाडी. त्याबद्दल मी तिचा कायमचा ऋणी आहे.

सर्किट म्हणजे त्सुकुबा. इबाराकी प्रांतात शिमोत्सुमा गावाबाहेर, शेतीच्या मुलखात, १९७० पासून आहे. मोठा ट्रॅक २,०४५ मीटरचा, त्याला टीसी २००० म्हणतात. शेजारी १,०३९ मीटरचा धाकटा, टीसी १०००. टोकियोच्या आसपास गाडीची हौस असणारा माणूस कधी ना कधी इथं येतोच. ट्रॅक लहान आहे, फुजी सर्किटसारखा दीड किलोमीटरचा सरळ पट्टा नाही, त्यामुळं नुसत्या ताकदीवर इथं काही होत नाही. जपानात एखादी नवी गाडी किती चपळ आहे हे सांगायचं तर तिचा त्सुकुबाचा टाइम सांगतात. एका मिनिटाच्या आत लॅप मारणं याला इथं ‘फुनगिरी’ असा खास शब्दच आहे, मिनिट कापणं. ती फार मोठ्या ताकदीच्या गाड्यांची गोष्ट. माझ्यासारख्या साध्या इंजिनाच्या रोडस्टरला रस्त्याच्या टायरवर एक मिनिट दहा सेकंद हीच भिंत असते. गेली दोन वर्षं मी एक दहा चार, एक दहा दोन, एक दहा सहा असा त्या भिंतीला टकरा मारत होतो.

हे शर्यत नव्हे, हे आमच्याकडं दर वेळी समजावून सांगावं लागतं. शर्यतीही होतात. रोडस्टरची तर पार्टी रेस म्हणून रस्त्यावरच्या नंबरप्लेटच्या गाड्यांची मालिका आहे, आणि मोटार मासिकांच्या टीम एकमेकांविरुद्ध चार तास पळवतात ती शर्यत १९८९ मध्ये याच त्सुकुबाला सुरू झाली. मी जातो ते सोकोकाईला. एखादं गॅरेज किंवा क्लब अर्धा-एक दिवस ट्रॅक भाड्यानं घेतो, पंधरा-वीस हजार येन भरायचे, वेगाप्रमाणे गट पाडतात, आणि आपल्या गटाला वीस-वीस मिनिटांची दोन-तीन सेशन मिळतात. गाडीवर वेळ मोजायचं यंत्र चिकटवतात. मागून जोरात गाडी आली की इंडिकेटर देऊन बाजूला व्हायचं. धडकलात तर विमा नाही, आणि गार्डरेल वाकलं तर त्याचेही पैसे आपल्याच खिशातून. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये झेंडे समजावून सांगतात, पिवळा, लाल, निळा, तेल सांडल्याचा पिवळा-लाल पट्ट्यांचा. तिथं सगळे, वीस वर्षं येणारेसुद्धा, मान खाली घालून ऐकतात. मला ते बघून फार बरं वाटतं.

तर ब्रेक. मी एका गॅरेजला दाखवलं. त्यांनी गाडी उचलली, पॅड बघितले, डिस्क बघितली आणि म्हणाले, या गाडीचे पुढचे कॅलिपर सर्किटला लहान पडतात, चार पिस्टनचे मोठे बसवू. कोटेशन दीड लाख येनच्या वर. चाकं हलवून बघितली नाहीत. हे मला त्या वेळी लक्षात आलं नाही, कारण मीही कधी बघितली नव्हती. मी कोटेशन घडी करून खिशात ठेवलं आणि बोनसपर्यंत थांबायचं ठरवलं.

ऑक्टोबरच्या शेवटी आण्णा आले, तीन महिन्यांसाठी, नातवाला बघायला. आण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरला उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथवर होते. आधी दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या. लहानपणी शाळा सुटली की मी तिथंच जायचो. तेलाचा आणि तापलेल्या बिडाचा वास मला अजून नाकात येतो. ऑइल इंजिनाचे पार्ट, पंपाचे पार्ट, आणि मधून मधून आरएक्स हंड्रेडचे सिलिंडर, जे गल्लीतली पोरं पोर्ट मोठे करायला घेऊन यायची. आण्णा पोर्टिंग करून द्यायचे, पण आधी पोराला विचारायचे, क्रँकचं बेअरिंग कधी बदललंस? बदललं नसेल तर सिलिंडर तसाच परत. इंजिन जोरात पळवायच्या आधी ते ज्याच्यावर फिरतं ते बघ, हे त्यांचं म्हणणं. मी हे शंभर वेळा ऐकलं असेल.

आण्णांना सर्किट दाखवायचं माझ्या मनात आधीपासून होतं. कॉलेजच्या वयात कोइमतूरला जाऊन करी मोटर स्पीडवे बघायची माझी फार इच्छा होती. शर्यतपटू करिवर्धनांच्या नावाचा तो ट्रॅक २००३ मध्ये सुरू झाला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. कोल्हापूरहून तेव्हा ते लांब पडलं, पैशानंही लांब पडलं. पुढं नोकरीनं इकडं आणलं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी पहाटे पाचला निघालो. रोडस्टरला दोनच सीट, डिकीत जॅक, टॉर्क पाना, सॉकेटचा डबा, हवेचा पंप, ताडपत्री. हेल्मेटला जागाच उरली नाही, ते आण्णांनी सगळा रस्ता मांडीवर धरलं, दोन्ही हातांनी, बाळ धरल्यासारखं. कानटोपी घातलेली. जोबान एक्स्प्रेसवेला लागलो तेव्हा उजाडलं. यातबेला उतरून गावातल्या रस्त्यानं पुढं गेलं की शेतांपलीकडं त्सुकुबा डोंगर दिसतो, दोन शिखरांचा, उंची ८७७ मीटर. सपाट मुलखात एकटाच उभा. आण्णा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “आपला जोतिबा असाच दिसतोय बघ शिरोलीकडनं.” एवढंच बोलले रस्त्यात.

पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्यांच्या तळावर, गेलं की प्रत्येकाची ठरलेली कामं असतात. गाडी रिकामी करायची, पायपुसणी, स्टेपनी, कप्प्यातली नाणीसुद्धा. हेडलाइटवर चिकटपट्टी, काच फुटली तर ट्रॅकवर पसरू नये म्हणून. नंबर चिकटवायचा. नट टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोराला ‘क्लिक’ करणाऱ्या पान्यानं, तपासायचे. थंड टायरमध्ये हवा १.६ बार ठेवायची, म्हणजे तापल्यावर दोनपर्यंत जाते. आण्णा सगळं खुर्चीवर बसून बघत होते. आमच्या शेजारी पांढऱ्या सिव्हिकवाले काका होते, नेहमीप्रमाणे. वय सत्तरीच्या पुढं, गाडी ईजी ६, १९९० च्या दशकातली, त्यांनीच नवीन घेतलेली, आणि आजवर एकच मालक. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आठ हजार आरपीएमच्या वर ते इंजिन जो सूर लावतं तो एकदा ऐकला की विसरत नाही. आण्णांनी त्यांना कागदाच्या प्लेटमध्ये भडंग दिलं. काकांनी दोन्ही हातांनी घेतलं, एक-एक दाणा खाल्ला, आणि लसणाची फोड सापडल्यावर मान डोलावली.

पहिलं सेशन. टायर थंड म्हणून दोन लॅप हळू. तिसऱ्याला जोर लावला आणि पहिल्याच कॉर्नरला तेच, दोन बोटं. चौथ्या लॅपला मी होम स्ट्रेटवरच डाव्या पायानं पेडलला हलका टच दिला, मग खरा ब्रेक मारला, तर पेडल जागच्या जागी. हे मी कुठंतरी वाचलं होतं, करून पहिल्यांदाच बघितलं. चाललं, पण लक्ष सगळं पायात. टाइम एक दहा पाच. दोन लॅप थंड करून आत आलो, गिअरमध्ये टाकून बंद केली, चाकाला ओंडका लावला.

“हँडब्रेक का न्हाई वडलास?” आण्णांनी विचारलं.

तापलेला पॅड डिस्कला चिकटतो म्हणून, सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणजे पटलं. मग गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवरून लांबूनच हात फिरवला, ऊन लागतंय का बघतात तसा. मी हवा मोजत होतो. डाव्या पुढच्या चाकापाशी ते थांबले.

“ह्ये उचल जरा.”

मी जॅक लावला. चाक जमिनीवरून चार बोटं वर आल्यावर आण्णा उकिडवे बसले. एक हात चाकाच्या वर, एक खाली. वरचा आत ढकलायचा, खालचा बाहेर ओढायचा, परत उलटं. डोळे मिटलेले. लेथवर ते जॉब तपासायचे तेव्हाही डोळे मिटायचे, आणि मला लहानपणी वाटायचं ते देवाचं नाव घेतायत. मला काही हललेलं दिसलं नाही. ते तीन-चार वेळा करून मग म्हणाले, “प्ले हाय रं ह्यात.” प्ले म्हणजे सैलपणा, चाक जागेवर घट्ट नसणं.

“किती?”

“कागदाएवढा. पर हाय.”

सिव्हिकवाले काका तोवर येऊन उभे होते. आण्णांनी त्यांना जागा करून दिली. काकांनी गुडघ्याखाली रुमाल ठेवला, हातमोजा काढला, आणि तस्सेच हात लावले, एक वर, एक खाली. त्यांनीही डोळे मिटले. मी उभा होतो आणि दोन म्हातारे एका चाकाला धरून बसले होते. चाक थोडंसं, अगदी थोडंसं, ‘टक’ करून आवाज देत होतं. आता मलाही ऐकू आला.

“गाता, आरु ने,” काका म्हणाले.

गाता म्हणजे प्ले. मी भाषांतर केलं नाही, गरजच पडली नाही. आण्णांनी माझ्याकडं बघून सांगितलं, “आत बस आन् ब्रेक दाबून धर.” मी बसलो, दाबून धरला. बाहेर दोघांनी परत हलवलं. टक बंद. ब्रेक सोडला, टक सुरू. बॉल जॉइंट किंवा आर्मचा बुश, म्हणजे सस्पेन्शनचा सांधा, गेला असता तर ब्रेक दाबूनही हललं असतं. ब्रेक दाबला की डिस्क, हब (चाक ज्याच्यावर बसतं तो भाग) आणि त्याच्या मागचा भाग एक होतो, म्हणून प्ले जातो तो फक्त बेअरिंगचा. काकांनी हे मला जपानीत समजावलं, आण्णांनी कोल्हापुरीत, जवळजवळ एकाच वेळी.

मग बाकीची तीन चाकं बघितली. उजवं पुढचं ठीक होतं, मागची ठीक होती.

दुसरं सेशन मी केलं नाही. पैसे भरलेले होते, हवा सुंदर थंड होती, तशी हवा असली की इंजिन जास्त श्वास घेतं आणि सगळ्यांचे टाइम चांगले लागतात. समोर निळी रोडस्टर एक नऊ आठ मारून आली. मला वाईट वाटलं नाही असं नाही. आण्णा काही बोलले नाहीत, जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. मी चिकटपट्टी काढली तेव्हा त्यांनी ती गोळा करून पिशवीत टाकली. परत येताना डाव्या लेननं, ऐंशीनं आलो.

घरी आल्यावर रात्री मी ट्रॅकचा नकाशा काढून बसलो, आणि मग सगळं उलगडत गेलं. त्सुकुबा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं चालतं. शेवटचा कॉर्नर लांबच लांब उजवीकडं वळणारा, आणि पुढं जाऊन आणखी थोडा आवळणारा. तिथं गाडीचा सगळा भार डाव्या पुढच्या चाकावर येतो आणि कितीतरी वेळ तसाच राहतो. बेअरिंगमध्ये कागदाएवढा प्ले असला की चाक, हब आणि डिस्क किंचित तिरपी होतात. तिरपी झालेली डिस्क पॅडला ढकलते, पॅड पिस्टनला, पिस्टन आत जातो. मग गाडी सरळ झाली, डिस्क सरळ झाली, पण पॅड लांबच राहिला. आता पुढचा ब्रेक मारला की पेडलचा पहिला भाग नुसतं ते अंतर भरून काढण्यात जातो. दुसऱ्यांदा दाबला की पॅड जागेवर आलेला असतो, म्हणून दगडासारखं घट्ट.

म्हणजे ते कधी स्पंजसारखं लागलंच नव्हतं. लांब लागत होतं. ऑइल उकळलं तर पेडल मऊ होतं आणि लॅपमागून लॅप वाईट होत जातं. माझं पेडल पहिल्या लॅपपासून शेवटच्या लॅपपर्यंत सारखंच लांब होतं, आणि तेही पहिल्या कॉर्नरलाच जास्त. दुसऱ्या हेअरपिनच्या, म्हणजे यू-टर्नसारख्या वळणाच्या, आधीचं वळण डावीकडचं आहे, तिथं भार उजव्या चाकावर, आणि दुसऱ्या हेअरपिनला मला कधीच त्रास झाला नव्हता. चार महिने माझा पाय मला हे सांगत होता. मी ऑइल बदलत होतो.

मला इथं एक मनापासून सांगायचंय, जुनी जपानी गाडी घेऊन सर्किटवर जाणाऱ्या प्रत्येकाला. या गाड्या पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्या. जेव्हा बनल्या तेव्हा आजच्यासारखे चिकट टायर नव्हते. आज आपण जे टायर बसवतो ते गाडीला रस्त्याला धरून ठेवतात, आणि ती पकड जाते कुठं, तर हबमध्ये, बुशमध्ये, बॉल जॉइंटमध्ये. मोठे कॅलिपर, कार्बनचं बॉनेट, रिमॅप, सगळं नंतर. आधी चारही चाकं उचलून हातानं हलवा. वर-खाली हात लावून एकदा, डावी-उजवीकडं एकदा. हे दर सर्किटच्या आदल्या दिवशी करा, आणि पहिल्या सेशननंतर गरम असताना परत करा. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याला एक येन लागत नाही.

पार्ट कंपनीच्या काउंटरवरून मागवले, पुढचे दोन्ही हब. एनबीला बेअरिंग वेगळं बदलत नाहीत, हबसकट पूर्ण नग येतो. तीन दिवसांत आले. तासावर भाड्यानं मिळणारी गॅरेजची जागा घेतली, लिफ्टसकट, आणि आण्णांना घेऊन गेलो. कॅलिपर सोडून तारेनं टांगला, होजवर भार येऊ नये म्हणून. डिस्क काढली. हबच्या टोकाची टोपी टिचकी मारून काढली, आत मोठा नट, त्याची कड ठोकून खाचेत बसवलेली. आण्णांनी छिन्नी मागितली, बघितली, “ही भोथरी हाय” म्हणाले, आणि तिथल्या ग्राइंडरवर आधी छिन्नीला धार लावली. मग दोनच ठोक्यांत कड उचलली. २९ चं सॉकेट, एक मीटरचा लांब पाना. मी जोर लावला, हललं नाही. आण्णांनी पान्याच्या टोकाला तळवा ठेवला आणि धक्का न देता अंगाचा भार हळूहळू टाकत गेले, आणि नट सुटला. आवाजसुद्धा फार झाला नाही.

जुना हब हातात घेऊन त्यांनी कानाशी धरला आणि फिरवला. मग माझ्या कानाशी धरला. बारीक वाळूत काहीतरी फिरवावं तसा आवाज. नवा धरला तर काहीच नाही, नुसतं ग्रीसचं जडपण बोटांना. “आता कळलं?” एवढंच म्हणाले. नवीन नट टॉर्क पान्यानं घट्ट केला तेव्हा पान्याच्या ‘क्लिक’वर त्यांचा विश्वास बसेना, त्यांनी स्वतः एकदा लावून ऐकला. मग दुसऱ्या बाजूचा स्वतःच लावला.

जानेवारीत ते परत गेले. जुना डावा हब त्यांनी विमानाच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून नेला. मी विचारलं कशाला. म्हणाले, “कापून बघतो.”

पुढच्या रविवारी मी त्सुकुबाला एकटा गेलो. गाडीबाहेर तापमान दोन अंश. सिव्हिकवाले काका होते, त्यांनी आधी माझ्या शेजारच्या सीटकडं बघितलं आणि विचारलं, “ओतोसान वा?” वडील कुठायत. परत गेले म्हटल्यावर ते काही क्षण तसेच उभे राहिले, मग माझ्या डाव्या चाकाकडं बोट दाखवून मान हलवून विचारलं, झालं का? झालं. त्यांनी स्वतः हलवून बघितलं, आणि मगच आपल्या गाडीकडं गेले.

तीन लॅप टायर गरम केले. चौथ्याला शेवटच्या कॉर्नरमधून बाहेर आलो, होम स्ट्रेट, तिसऱ्यातून चौथा गिअर. डावा पाय पेडलकडं जायला निघाला होता, सवयीनं, त्याला थांबवलं. ब्रेक मारला. पेडल वरच होतं, जिथं असायला पाहिजे तिथं, आणि पायाला डिस्कचा अगदी बारीक खरखरीतपणा लागत होता. मी गेले चार महिने जिथं ब्रेक मारत होतो त्याच्या बऱ्याच पुढं मारला होता. पाय सोडायला घाई केली नाही, सोडत सोडतच गाडी आत घेतली, आणि ती गेली, नाक खाली ठेवून, मी बघत होतो तिथं.

एक नऊ सहा आठ. पुढच्या लॅपला एक नऊ पाच. मग समोर गर्दी लागली.

टाइमची पट्टी मी आण्णांना पाठवली. त्यांचा फोन दुसऱ्या दिवशी आला, पट्टीबद्दल नाही. उद्यमनगरातल्या त्यांच्या जुन्या दोस्ताच्या शॉपमध्ये हब कापला होता. थोड्या वेळानं फोटो आला. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याच्या आतली बाजू, आरशासारखी घासलेली, आणि एका जागी खडबडीत डाग, पत्रा सोलून निघावा तसा. बाजूला मापासाठी आण्णांचा अंगठा. डाग त्यांच्या नखाच्या अर्ध्याएवढा. फोटोच्या खाली त्यांनी लिहिलं होतं, उजव्याचा पण जुना ठेवलायस काय, आसला तर पुढच्या वेळी आणतो म्हणून सांग, तोबी बघू.

ठेवलाय. गॅलरीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. पुढचं सेशन मार्चच्या दुसऱ्या शनिवारचं आहे, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी मी चारही चाकं उचलणार आहे.